पडद्याआडचा नैवेद्य

धुळे,
१६ एप्रिल १९९०

श्री. जीवराम धनाजी पाटील, नशिराबाद, यांस

मंगळवार, दिनांक ३ एप्रिल १९९०, दुपारी सव्वाचार वाजता पारोळा-धुळे रस्त्यावर मुकटीच्या अलीकडे एका लिंबाखाली माझी धाकटी बहीण सुनंदा खाली बसली, ती उठली नाही. वेळ मला तिच्या नवऱ्यानं, म्हणजे तुमच्या धाकट्या भावानं सांगितली. त्यापुढे सुकदेवराव एक शब्द बोलले नाहीत.

तेराव्यासाठी मी तुमच्या घरी तीन दिवस होते. मी आले की बायकांचं बोलणं बंद व्हायचं. तुमच्या दिंडीतली भिकुबाई तर माझ्या पाया पडली. ती माझ्याहून दहा वर्षांनी मोठी आहे. मी पाय मागे घेतले तर म्हणाली, "तुम्ही तिनी बहीण शेतस ना." मेलेल्या बाईच्या बहिणीच्या पाया पडायची ही कुठली रीत, नाना?

सप्तशृंग गडावर दर चैत्री पौर्णिमेला पायी जाणारं मंडळ तुमचं. सुनंदानं जायचं ठरवलं तेव्हा मी फाल्गुनात मुद्दाम नशिराबादला आले होते. तुमच्या ओसरीवर बसून तुम्हाला सांगितलं होतं की हिला रोज सकाळी इन्सुलिनची सुई असते. सुईनंतर वेळेवर खाल्लंच पाहिजे. चालताना डोस कमी करायचा आणि तासा-दोन तासांनी तोंडात काहीतरी टाकायचं. घाम सुटला, हात कापू लागले, तर आधी साखर तोंडात, चौकशी नंतर. तुम्ही पान लावत होता. म्हणालात, "अक्का, काळजी नका करू, आम्ही बठ्ठा संगे शेतस." सगळेच सोबत असणार होतात.

तिच्या पिशवीला मी आतून खिसा शिवला होता आणि त्यात ग्लुकोजचा पुडा ठेवला होता. पिशवी मला परत मिळाली. पुडा फोडलेला नाही. इन्सुलिनचा थर्मास मिळाला. पायांना जखम होऊ नये म्हणून मी घेऊन दिलेले कॅनव्हासचे बूट मिळाले, धुळीसकट.

बुधवारी सकाळी तुमची दिंडी धुळ्यात यायची होती आणि सुनंदा माझ्याकडे उतरायची होती. पाय शेकायला मी अंगणात तांब्याचं घंगाळ भरून ठेवलं होतं. ते अजून तसंच आहे.

पारोळा सोडल्यानंतर तिनं काय खाल्लं? तिच्या शेजारी कोण होतं? पुडा का फोडला नाही? हा हमरस्ता आहे, मिनिटाला एक ट्रक जातो, एकही का थांबवला नाही? मी बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली आहेत. कोण बोलत नाही आहे हे मला आवाजाआधी कळतं.

इंदिरा तोताराम चौधरी


नशिराबाद,
२ मे १९९०

आदरणीय इंदिराअक्का यांना जीवराम पाटलाचा नमस्कार.

तुमचं पत्र आलं. सुकदेवला मीच बोलू नको म्हणालो होतो. तुम्ही भुसावळच्या मडमांच्या शाळेत शिकलेल्या, हसाल असं वाटलं. पण तुम्ही विचारलंत, तर देवीची शपथ घेऊन जसं घडलं तसं लिहितो.

आमच्या मंडळात ज्याच्या खांद्यावर देवीचं निशाण असतं, त्यानं मुक्कामाला निशाण टेकेपर्यंत अन्न घ्यायचं नाही, पायात काही घालायचं नाही. सुनंदानं मंगळवारचं निशाण मागून घेतलं. लेकीसाठी, कुंदासाठी नवस होता. पोरीला लहानपणापासून सुई, म्हणून सोयरीक जुळत नाही, हे तुम्ही जाणता. तिनं बूट काढून सुकदेवच्या हातात दिले. सुई सकाळी पारोळ्याला घेतली होती. तुमचं सांगणं आम्ही विसरलो नव्हतो. भिकुबाईनं दोनदा विचारलं, "माय, काही खासी का?" ती म्हणाली, आज आईचा वार आहे, संध्याकाळी खाईन.

लिंबापाशी आल्यावर तिची चाल बदलली. सगळं अंग घामानं भिजलं, पण घाम गार होता. निशाण थरथरायला लागलं. नजर आमच्यातून आरपार जात होती. सुकदेवला तिनं ओळखलं नाही. देवी आली म्हणून भिकुबाई ओरडली, "आई उनी! पाया पडा बठ्ठा!" आम्ही तिला झाडाखाली बसवलं, मळवट भरला.

सुकदेव पुढे झाला. पिशवीत हात घालून ग्लुकोज, ग्लुकोज म्हणत होता. मी त्याचा हात धरला. देवी अंगात असताना नवऱ्यानं शिवायचं नसतं, एवढं त्याला भान नव्हतं.

भिकुबाईनं विचारलं, "माय, तुले काय जोयजे?" ती म्हणाली, "भूक लागली." परत तेच. मग तुमचं नाव घेतलं. "अक्का, भूक लागली."

पारोळ्याहून गडासाठी घेतलेले पेढे होते. पत्रावळीवर काढून तिच्यापुढे नैवेद्य मांडला. दोन बायकांनी लुगड्याचा पडदा धरला. देवी जेवते तेव्हा कोणी बघायचं नसतं, म्हणून आम्ही सगळ्यांनी पाठ फिरवून आरती म्हटली. आरती झाली, पडदा काढला, तर ती आडवी झाली होती. एका पेढ्यात चार बोटं रुतलेली होती. अक्का, आजवर नैवेद्यावर खूण उमटलेली मी पाहिली नव्हती. तो पेढा आम्ही चाळीस माणसांनी कण कण वाटून घेतला.

देवी गेली की माणूस दमून निजतो. आम्हाला वाटलं ती निजली. दिवेलागणीला उठवायला गेलो.

असं मरण कोणाला येतं? वाईट वाटून घेऊ नका.

आपला,
जीवराम धनाजी पाटील


धुळे,
९ मे १९९०

श्री. जीवराम पाटील यांस

तुमचं पत्र वाचून मी ते तांदळाच्या डब्यात खाली पुरून ठेवलं. घरात उघड्यावर ठेवायची छाती झाली नाही. आज काढलं.

आता नीट ऐका. एरवी शहाण्या माणसाला कापसाच्या गाठींचा भाव सांगता, तर हेही समजेल. सुई रक्तातली साखर खाली आणते. चालणंही साखर जाळतं. दिवसभर चालायचं, सुई रोजच्या मापाची, आणि पोटात अन्नाचा कण नाही, तर रक्तात राहणार काय? मग आधी गार घाम सुटतो. हात कापतात. नजर शून्यात जाते. नवरा ओळखू येत नाही. मग माणूस निजल्यासारखा पडतो. हे मी भुसावळच्या घरी तीन वेळा पाहिलं आहे. आमच्या वडिलांची रेल्वेत रात्रपाळी, आई गेलेली. मीच तिचं डोकं मांडीवर घेऊन चमचाभर साखर ओठांत कोंबायची. पाव तासात उठून बसायची आणि विचारायची, "अक्का, माझी वेणी कुणी सोडली गं?"

तुम्हाला दिसली ती देवी नव्हती, माझी बहीण होती. तिला भूक लागली होती, म्हणून ती भूक लागली म्हणत होती. याहून सरळ मराठी कोणाला बोलता येतं? तुम्ही तिला गोड दिलं नाही असं मी इतके दिवस समजत होते. तुम्ही तर तिच्यापुढे पत्रावळभर पेढे मांडलेत! तोंडापासून हातभर अंतरावर. उचलून तोंडात घालायची तेवढी ताकद तिच्यात उरली नव्हती. ती चार बोटं म्हणजे तिचा प्रयत्न होता, नाना. आणि तुम्ही चाळीस जण पाठमोरे उभे राहून टाळ कुटत होतात. मग तिच्या हातातला घास काढून आपसांत वाटून खाल्लात.

आणि एकाला कळलं होतं. त्याचा हात तुम्ही धरलात.

एक गोष्ट लिहू की नको असं झालं आहे. मी कॉन्व्हेंटात वाढले. तिथल्या सिस्टर भुताच्या गोष्टी सांगणाऱ्या मुलींना उन्हात उभं करत. मी भुतं मानत नाही. पण अंगणातलं घंगाळ मी रोज संध्याकाळी घासून स्वच्छ पाण्यानं भरते, आणि सकाळी त्याच्या तळाशी माती असते. वर फळी ठेवून पाहिली. तरी असते. कोणीतरी लांबून चालत येतं, पाय धुतं, आणि दार न वाजवता जातं. वाजवत का नाही, एवढंच मला कळत नाही. मी जागीच असते.

हे पत्र घरात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा. कुंदासमोर तर नक्कीच. ती वीस वर्षांची आहे आणि तिलाही तोच आजार आहे.

इंदिरा चौधरी


नशिराबाद,
१२ जानेवारी १९९१

आदरणीय इंदिराअक्का यांना जीवरामचा नमस्कार.

उत्तराला आठ महिने लागले. लिहायला बसायचो आणि उठायचो.

तुमचं पत्र मी सगळ्यांसमोर वाचलं. कुंदानं ते माझ्या हातातून घेऊन परत वाचलं. बायका रडल्या. भिकुबाई म्हणाली, अक्का शिकलेल्या आहेत, त्यांचं खरं असेल, पण मी पन्नास वर्षं देवी पाहते आहे, माझंही खोटं नाही. मला दोघींचं ऐकून झोप येत नाही. पेढा समोर आला की मी पान लावायचं निमित्त काढून उठतो. घरातल्यांना वाटतं मला आता गोड आवडत नाही.

सुकदेव माझ्याशी बोलत नाही. दर मंगळवारी पहिल्या एस.टी.नं मुकटीला जातो आणि त्या लिंबाच्या बुंध्याशी मूठभर साखर ठेवून परत येतो. जेवायला बसला की उजवा हात मांडीखाली दाबून ठेवतो, मी धरला होता तो. डाव्या हातानं भाकरी मोडतो. कोणी काही बोललं तर उठून जातो.

झाडाखाली आजूबाजूच्या गावांनी ओटा बांधला आहे. तो मी बांधला नाही. दगडाला शेंदूर लागला, साडी नेसवली, आता मंगळवारी बायका ओटी भरायला येतात. पेढेच आणतात.

आता मुख्य. यंदा आम्ही २१ मार्चला निघू. शनिवारी २३ला लिंबापाशी पोचू. कुंदानं त्या दिवसाचं निशाण मागितलं आहे. तिच्या आईचा टप्पा तिला पुरा करायचा आहे. देवी तिच्या अंगात येणार असं सगळे म्हणतात. दोंडाईच्यापासून लोक बघायला यायचे आहेत. मी नाही म्हणू शकलो नाही. तुम्ही तिला समजावलं तर बघा.

आपला,
जीवराम


धुळे,
२० जानेवारी १९९१

चि. कुंदास अनेक आशीर्वाद.

तुझ्या नानांचं पत्र आलं. माणूस इतका मोठा झाला, तरी एका पोरीला नाही म्हणायला त्याला धुळ्याहून माणूस लागतं!

तुला चालायचं असेल तर चाल. साखरेचे पेशंट चालत नाहीत असं कोणी सांगितलं? सकाळी लघवी तपासून घे, निळी आली, म्हणजे साखर उतरलेली, तर सुई आणखी कमी कर. दर दोन तासांनी भाकरीचा तुकडा खा, कमरेला गूळ बांध, पायात बूट घाल. तुझ्या आईचे माझ्याकडे आहेत, तुला होतील. पण उपाशी निशाण घेऊन त्या झाडापर्यंत जायचं नाही. का जायचं आहे, ते मला खरं लिही. नवस-बिवस मला सांगू नकोस. तुला नवरा नको आहे हे मला ठाऊक आहे.

मावशी


नशिराबाद,
१८ फेब्रुवारी १९९१

प्रिय मावशी,

तू खरं लिही म्हणालीस म्हणून लिहिते. नानांना सांगू नकोस.

आई गेली तेव्हा माझी बी.ए.ची परीक्षा चालू होती. मला तिचं तोंड दिसलं ते मळवट भरलेलं. त्याखाली आई कुठे आहे ते शोधता आलं नाही. मग तुझं पत्र नानांनी वाचलं. तोवर मला कळलं नव्हतं की ती त्या झाडाखाली कुठे गेली होती. तुझं पत्र ऐकलं आणि कळलं. ती जागा माझ्या ओळखीची आहे, मावशी. मी दोनदा तिथे जाऊन आले आहे.

साखर उतरते तेव्हा काय होतं हे तुला बाहेरून ठाऊक आहे. आतून असं होतं की माणसं काचेपलीकडे गेल्यासारखी वाटतात. आवाज विहिरीतून येतात. भीती वाटत नाही. दुसऱ्या वेळी, अकरावीत असताना, मला काचेच्या आत कोणीतरी माझ्याबरोबर आहे असं वाटलं होतं. मग आईनं साखर घातली आणि मी परत आले. शुद्धीवर आल्यावर मी तिला मारलं होतं, परत का आणलंस म्हणून. ती हसली होती.

आता ती तिथे आहे. भुकेली आहे. तुझ्या घंगाळात माती येते, बाबा साखर ठेवून येतात, पण तिच्यापर्यंत जायचं कसं हे तुम्हा दोघांनाही ठाऊक नाही. मला आहे. सुई पूर्ण मापाची घ्यायची आणि काही खायचं नाही. लोक देवी म्हणतील, म्हणू देत. मी फक्त तिला विचारणार आहे की माझ्यासाठी चालत का गेलीस. आणि माझ्या मुठीत एक पेढा असेल. तिला भरवून परत येईन.

तुझी,
कुंदा


धुळे,
२ मार्च १९९१

श्री. जीवराम धनाजी पाटील, नशिराबाद, यांस

कुंदाचं पत्र सोबत पाठवते आहे. तिनं तुम्हाला सांगू नकोस असं लिहिलं आहे. मी सांगते आहे. ती माझ्याशी जन्मभर बोलली नाही तरी चालेल. त्यासाठी आधी ती जन्मभर जगली पाहिजे.

वाचलंत ना? आता बसा. पान लावू नका.

तुमची पुतणी मरायला निघालेली नाही. ती आईला जेवू घालायला निघाली आहे, आणि तिला वाटतं की तिथून परत येता येतं. दोनदा आली म्हणून. दोन्ही वेळा परत आणणारी बाई आता त्या झाडाखाली बसली आहे. कुंदा घामाघूम होऊन कोसळेल तेव्हा भोवती दोंडाईच्यापासून आलेले पाचशे लोक असतील, आणि पाचशेच्या पाचशे हात जोडतील. कोणीतरी पडदा धरेल.

तिला कोंडून ठेवा असं मी म्हणत नाही. कोंडलं तर ती घरीच करील. सुई तिच्याच हातात आहे. तिला चालू द्या. मीही चालणार आहे. एकसष्ट वर्षांची आहे, गुडघे गेलेले आहेत, देवीवर विश्वास म्हणाल तर आमच्या सिस्टरनी तो एका बाजूनं पुसला आणि तुम्ही दुसऱ्या बाजूनं. तरी २१ तारखेला मी नशिराबादच्या वेशीवर उभी असेन, सुनंदाचे बूट घेऊन. ते कुंदा घालील. सकाळची सुई मी माझ्या हातानं मोजून देईन आणि ती कुंदा माझ्यासमोर घेईल, न्याहारी माझ्यासमोर खाईल. मला गुडघ्यांमुळे मागे पडायला झालं तर दिंडी थांबेल. गड कुठे जात नाही.

शनिवारचं निशाण सुकदेवराव घेतील. त्या टप्प्यावर ते आधी एकदा चालले आहेत, हातात बायकोचे बूट घेऊन. उपवास त्यांना करू द्या, त्यांना सुई नाही. निशाण उजव्या हातात धरायला सांगा.

लिंबापाशी कुंदा बसेल. मी तिला बसू देणार आहे. आईला जे विचारायचं ते शुद्धीत राहून, मोठ्यानं विचारू दे. उत्तर आलं नाही तर रडेल. रडू दे. पेढा ओट्यावर ठेवू दे आणि एक स्वतः खाऊ दे. आणि इतकं करूनही तिला घाम सुटला, नजर फिरली, तर निशाण तुम्ही स्वतः धरायचं आणि सुकदेवरावांचा हात मोकळा करायचा. बापानं साखर लेकीच्या तोंडात घालायची. कोणी त्यांना अडवायचं नाही. कोणी पाठ फिरवायची नाही. आरती नाही, पडदा नाही. पाव तासानं ती उठून वेणीबद्दल विचारू लागली तर कुंदा होती. आणि त्यानंतरही देवीच बोलत राहिली, तर मी स्वतः खाली वाकून तिच्या पाया पडेन, सगळ्यांसमोर. भिकुबाईला हे सांगा. ती पन्नास वर्षं देवी पाहते आहे. भुकेल्या लेकराला भरवलं म्हणून रागावणारी देवी तिनं एकदा तरी पाहिली आहे का, तेवढं तिला विचारून मला कळवा.

तुम्हाला झोप येत नाही असं लिहिलंत. मलाही येत नाही. काल रात्री मी घंगाळाशेजारी खुर्ची टाकून बसले. कोणी आलं नाही. पहाटे वाऱ्यावर रस्त्याची धूळ आली आणि फळीच्या फटीतून पाण्यात उतरली, ती मी डोळ्यांनी पाहिली. एवढंच होतं ते. तरीही मी ते ओतून टाकलं नाही, आणि टाकणार नाही. एका मुलीला लांबून चालत येऊन त्यात पाय बुडवायचे आहेत. तिच्यासाठी ते भरून ठेवायचं की कायमचं पालथं घालायचं, हे आता तुमच्या हातात आहे. एकदा तुम्ही त्या हातानं चुकीचा हात धरला होता.

वर लिहिलेलं सगळं मान्य आहे असं तुम्ही स्वतःच्या अक्षरात लिहावं. खाली तुमची सही, सुकदेवरावांची सही आणि भिकुबाईचा अंगठा हवा. तोंडी निरोप चालणार नाही. "बठ्ठा संगे शेतस" हा तर मुळीच नाही. उत्तर आलं नाही तर पाडव्याच्या दिवशी पहिल्या गाडीनं मी नशिराबादला येईन आणि कुंदाला घेऊन जाईन. मग गावानं मला काय म्हणायचं ते म्हणावं.

लेखी उत्तर शनिवार, दिनांक १६ मार्च १९९१ रोजी दुपारी सव्वाचार वाजण्याच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे.

इंदिरा तोताराम चौधरी